विश्वप्रसरणाचे मापन आणि कल्याणचा रेडिओ दूरदर्शक

विश्वातील दीर्घिका (ताऱ्यांची अतिप्रचंड कुले) एकमेकींपासून दूर जात असून, दोन दीर्घिकांमधील अंतर जितके जास्त तितका त्यांचा दूर जाण्याचा वेगही जास्त असतो. या आविष्कारास विश्वाचे प्रसरण असे म्हणतात. वेग आणि अंतर यांच्या गुणोत्तराला हबल स्थिरांक ही संज्ञा असून तो दर सेकंदाला दर मेगॅपार्सेकला (३२.६ लक्ष प्रकाशवर्षांना) इतके किलोमीटर असा सांगितला जातो. तो ठरविण्यासाठी दोनच गोष्टी मोजाव्या लागतात : वेग व अंतर. त्यांपैकी वेग मोजणे सोपे व अंतर मोजणे अतिशय कठीण आहे. या विषयाचा सु. १०० वर्षांचा इतिहास हा बव्हंशी अंतरे चुकीची ठरत गेल्याचा व ती दुरुस्त होत गेल्याचा इतिहास आहे. या इतिहासातील एक लहानसे पण पुढे फलदायी ठरलेले प्रकरण ठाणे जिल्ह्यात कल्याण येथे घडले. सूर्याच्या निरीक्षणासाठी १९६५ मध्ये तेथे उभारलेल्या साध्या उपकरणातून भारतातील रेडिओ ज्योतिषशास्त्राची ती परंपरा सुरू झाली, जिने दहा वर्षांच्या आत विश्वाच्या प्रसरणाविषयीच्या जागतिक वादात आपला पुरावा मांडला.

वेगाचे मापन : ध्वनीचा उद्‌गम जवळ येत असता त्याची पट्टी चढते व दूर जाताना उतरते, हा परिणाम सी. जे. डॉप्लर यांनी १८४२ मध्ये वर्तविला. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही, न थांबता जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीच्या शिट्टीवरून त्याचा प्रत्यय येतो. हा परिणाम पहिल्यांदा पडताळला गेला तोही आगगाडीवरच : १८४५ मध्ये हॉलंडमध्ये सी. एच. डी. बॉइस बॅलट यांनी गाडीत तुतारीवादक बसवून व मार्गालगत स्वरज्ञ उभे करून हा प्रयोग केला. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्यानंतर आठ वर्षांनी, १८५३ मध्ये धावली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला.

प्रकाशाच्या बाबतीत उद्‌गम दूर जात असल्यास वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. यास ताम्रच्युती म्हणतात. व्ही. एम. स्लायफर यांनी लोएल वेधशाळेत १९१२ मध्ये देवयानी दीर्घिकेचा वर्णपट घेतला तेव्हा ती उलट आपल्याकडे दर सेकंदाला सु. ३०० किमी. वेगाने येत असल्याचे आढळले. परंतु १९१७ पर्यंत त्यांनी तपासलेल्या २५ सर्पिल अभ्रिकांपैकी बहुतेकींच्या बाबतीत ताम्रच्युतीच दिसून आली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. दीर्घिका अवकाशातून धावत सुटल्या आहेत असे समजणे बरोबर नाही. ए. फ्रीडमन (१९२२) व जी. लमेत्र (१९२७) यांनी सापेक्षता सिद्धांताच्या आधारे दाखविल्याप्रमाणे अवकाशच ताणले जाते आणि त्यातून प्रवास करणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही त्याबरोबर वाढते. शिट्टीची उपमा जवळच्या दीर्घिकांपुरती पुरेशी आहे. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत ती फसवी ठरते.

अंतराचे मापन : जवळच्या ताऱ्यांची अंतरे पृथ्वीच्या कक्षेचा व्यास हा पाया धरून पराशय पद्धतीने काढता येतात. त्यापलीकडे ज्याची खरी दीप्ती ज्ञात आहे असा दिवा लागतो, म्हणजे तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. हेन्‍रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलनी मेघातील २५ सेफीड रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास करून, ज्या ताऱ्याचा आवर्तनकाल मोठा त्याची दीप्तीही मोठी, हा नियम प्रसिद्ध केला. ई. पी. हबल यांना १९२३ मध्ये देवयानीत असा तारा सापडला आणि ती आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. स्वतःची अंतरे व मुख्यत्वे स्लायफर यांचे वेग एकत्र करून हबल यांनी १९२९ मध्ये वेग-अंतर संबंध मांडला. त्यांचा स्थिरांक ५०० च्या आसपास होता.

ही संख्या फार मोठी होती. तीवरून विश्वाचे वय २०० कोटी वर्षेच येते, तर किरणोत्सर्गी मापनावरून पृथ्वीवरील खडक त्याहून जुने असल्याचे पुढे आढळून आले. लेक आईपेक्षा वयाने मोठी असण्यासारखाच हा प्रकार होता. या अडचणीचा उलगडा युद्धकाळात झाला. लॉस अँजेल्स शहरावर अंधारबंदी असल्याने मौंट विल्सन येथील आकाश काळे मिळाले आणि व्हाल्टर बाडे यांना देवयानीच्या गाभ्यातील तारे वेगवेगळे दिसले. ताऱ्यांचे व त्यांबरोबर सेफीड ताऱ्यांचेही दोन प्रकार असून हबल यांच्या मोजपट्टीत ते एकत्र गणले गेले होते, असे त्यांना आढळले. बाडे यांनी १९५२ मध्ये ही दुरुस्ती जाहीर करताच दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली. शहरी प्रकाशाने आकाश कसे नाहीसे होते हे आज ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांस सांगण्याची गरज नाही. तेथे देवयानी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली तरुण व्यक्ती विरळाच.

वादाचा प्रश्न : प्रसरण मान्य झाले तरी त्याचा अर्थ एकच नव्हता. विश्व एका अतिघन व अतितप्त अवस्थेतून उद्‌भवले असे महास्फोट सिद्धांत मानतो. उलटपक्षी एच. बाँडी, टी. गोल्ड व एफ. हॉईल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावत असले, तरी रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होते व त्यामुळे विश्वाचे रूप सर्वकाळ सारखेच राहते. दोन्हींमधील निवाडा करावयाचा तर फार दूरचे, म्हणजेच फार पूर्वीचे, विश्व आजच्यासारखे आहे की नाही हे पहावयास हवे होते. तत्कालीन प्रकाशीय दूरदर्शकांना ते जमत नव्हते. रेडिओ दूरदर्शकांना जमण्याजोगे होते. केंब्रिज येथे एम. राइल यांनी रेडिओ उद्‌गमांची गणना करून, मंद उद्‌गम अपेक्षेहून बरेच अधिक असल्याने स्थिर स्थिती सिद्धांत टिकत नाही, असा दावा केला. याला १९६१ मध्ये हॉईल यांच्यासमवेत उत्तर देणारे संशोधक विद्यार्थी म्हणजे कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) होत. निर्णय तेव्हा लागला नाही.

कल्याणची प्रतिष्ठापना : या वादाशी कल्याणचा संबंध कसा आला ही कथा सिडनीपासून सुरू होते. तेथील पॉट्स हिल या ठिकाणी डब्ल्यू. एन. क्रिस्तिआनसेन यांनी १९५० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत ३२ लहान अन्वस्तीय तबकड्यांची रांग उभारून २१ सेंमी. तरंगलांबीवर सूर्याचे वेध घेण्यास आरंभ केला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकीय प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन् यांनी कोलंबो योजनेखाली १९५३ मध्ये दोन तरुणांना ऑस्ट्रेलियास धाडले. त्यांपैकी गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे एक व आर. पार्थसारथी हे दुसरे. दोघांनी या रांगेत फेरफार करून ती ६० सेंमी. तरंगलांबीवर चालविली. पुढे क्रिस्तिआनसेन यांनी नवे उपकरण हाती घेतल्याने जुन्या तबकड्या मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा त्या भारताला द्याव्यात अशी विनंती स्वरूप यांनी तेथील प्रमुख जे. एल. पॉझी यांना केली व ती मान्य झाली.

देणगी मिळाली, पण ती आणण्याचा वाहतूकखर्च कोणी सोसावयाचा या प्रश्नावर काम रेंगाळले. वाट पाहून स्वरूप अमेरिकेस गेले, स्टॅनफर्ड विद्यापीठात आर. एन. ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली व ते तेथेच अध्यापन करू लागले. तबकड्या मधल्या काळात दिल्लीस येऊन पडल्या. भारतीय विज्ञानाच्या त्या काळातील कहाण्यांत असा प्रसंग वारंवार येतो : यंत्र आहे पण माणूस परदेशी, किंवा माणूस आहे पण यंत्र गोदीत. येथे मात्र दोहोंची गाठ पडली. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाच्या १९६१ मधील बर्कली अधिवेशनाच्या वेळी स्वरूप, एम. आर. कुंडू, टी. के. मेनन व टी. कृष्णन् या परदेशस्थ चौघांनी एकत्रितपणे मायदेशी परतण्याची तयारी दर्शविणारे निवेदन काही भारतीय संस्थांना पाठविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी १९६२ च्या आरंभी तारेने होकार कळविला. स्वरूप एप्रिल १९६३ मध्ये संस्थेत दाखल झाले. त्या ३२ तबकड्या दिल्लीहून मिळविण्यात आल्या आणि १९६५ मध्ये कल्याण येथे त्यांची पुन्हा मांडणी झाली.

प्रत्येक तबकडीचा व्यास अवघा सु. १.८ मी. (६ फूट) होता. त्यांपैकी २४ तबकड्या पूर्व-पश्चिम दिशेत ६३० मी. लांबीच्या रेषेवर व ८ तबकड्या दक्षिणोत्तर दिशेत २५६ मी. लांबीच्या रेषेवर बसविण्यात आल्या. वेध ६१० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर, म्हणजे ४९ सेंमी. तरंगलांबीवर, घेतले जात. या रचनेमागील तत्त्व असे : एकाच तबकडीची नजर इतकी ढोबळ असते की तिला सूर्याचे बिंब एका ठिपक्यापलीकडे दिसत नाही. अनेक तबकड्यांकडून येणारे संकेत योग्य कालमेळ राखून एकत्र केल्यास सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतराएवढ्या मोठ्या दूरदर्शकाची सूक्ष्मता एका दिशेत लाभते. कल्याणला ती पूर्व-पश्चिम दिशेत दोन ते तीन कोनीय मिनिटे एवढी होती. सूर्यबिंबाचा व्यास सु. ३२ मिनिटे असतो. त्यामुळे पृथ्वीच्या परिवलनाबरोबर सूर्य पुढे सरकत असता त्याच्या बिंबाची पट्टीपट्टीने पाहणी करता येई. या निरीक्षणांवरून शांत सूर्याच्या कडा या तरंगलांबीवर मध्यभागापेक्षा अधिक तेजस्वी असल्याचे व प्रभामंडलाचे तापमान दहा लक्ष अंशांच्या घरात असल्याचे दिसून आले. सूर्यास्ताच्या वेळी डोळ्यांना दिसणारे बिंब कडांकडे मंद होत जाते, त्याच्या हे नेमके उलट आहे. रेडिओ तरंग सूर्याच्या पृष्ठाकडून नव्हे तर त्याभोवतीच्या तप्त प्रभामंडलातून येतात हे त्याचे कारण होय.

कल्याणचे उपकरण १९६८ पर्यंत कार्यरत होते. त्याने विश्वाचे प्रसरण मोजले नाही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याचे महत्त्व अन्य आहे. आकाशक, संकेतग्राहक व संकेत जुळविण्याच्या वाहिन्या स्वतः बांधणारी पिढी तेथे तयार झाली. अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेतून १९६३ मध्ये आलेले विजयकुमार कपाही, दिल्लीहून आलेले एन. व्ही. जी. शर्मा व एम. एन. जोशी हे या गटातील आरंभीचे होत. एम. आर. कुंडू हेही १९६५ मध्ये येऊन मिळाले.

उटकमंडचे वेध : कल्याणची जुळवाजुळव चालू असतानाच स्वरूप यांच्या मनात मोठ्या दूरदर्शकाची कल्पना घोळत होती. सी. हॅझर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात चंद्राने ३सी २७३ या रेडिओ उद्‌गमाचे केलेले पिधान पाहून त्याचे स्थान अचूक काढले होते, त्यावरून एम. श्मिट यांनी १९६३ मध्ये त्याची ताम्रच्युती ठरविली व क्वासार प्रकारातील उद्‌गमांचा शोध लागला. चंद्र आकाशात दर सेकंदाला सु. अर्धा कोनीय सेकंद सरकतो. त्याच्या कडेआड उद्‌गम जाण्यास किती वेळ लागतो व त्या वेळी संकेत कसा मंदावतो याची नोंद घेतल्यास उद्‌गमाचे आकारमान काही कोनीय सेकंदांपर्यंत समजते. मात्र यासाठी चंद्राचा तासन्‌तास पाठलाग करणारा मोठा आकाशक लागतो. विषुववृत्ताच्या जवळ अक्षांशाइतकाच उतार असलेला डोंगर मिळाल्यास लांबलचक दंडगोलाकार परावर्तक पृथ्वीच्या अक्षाशी समांतर ठेवता येईल व तो एकाच अक्षाभोवती फिरविणे पुरेल, ही स्वरूप यांची युक्ती होय. अशी जागा निलगिरीत उटकमंडजवळ मुथोराई येथे सापडली. ५३० मी. लांब व ३० मी. रुंद असा हा परावर्तक भारतीय अभियंत्यांनी उभारला असून फेब्रुवारी १९७० मध्ये त्यावर पहिले पिधान नोंदले गेले. त्याची कंप्रता सु. ३२७ मेगॅहर्ट्‌झ आहे.

येथे विश्वप्रसरणाच्या मापनाची दुसरी तऱ्हा उपयोगी पडली. दिव्याऐवजी काठी वापरणे हे तिचे सूत्र. ठरावीक लांबीची काठी दूर नेली की ती लहान दिसते. पण किती लहान दिसेल हे प्रसरणाच्या स्वरूपावर अवलंबून असते. बहुतेक प्रसरणशील प्रतिकृतींत एका मर्यादेपलीकडे ती पुन्हा मोठी दिसू लागते, कारण तिच्यापासून प्रकाश निघाला तेव्हा ती आपल्या पुष्कळ जवळ होती. उटकमंडला पिधानाने अखेरीस हजाराहून अधिक उद्‌गमांचे वेध घेण्यात आले. त्यांपैकी आरंभीच्या मंद उद्‌गमांची आकारमाने केंब्रिज सूचीतील तेजस्वी उद्‌गमांच्या आकारमानांशी जोडून स्वरूप यांनी १९७५ मध्ये तेजस्विता व कोनीय आकारमान यांमधील संबंध प्रसिद्ध केला व कपाही यांनी त्याच वर्षी त्याचा विश्वस्थितिशास्त्रीय अर्थ लावला. प्राचीन काळी असे उद्‌गम संख्येने अधिक व आकाराने लहान होते असे मानले तरच निरीक्षणे जुळतात, हा निष्कर्ष निघाला. विश्वाचे रूप बदलत आलेले आहे असाच याचा अर्थ होता व स्थिर स्थिती सिद्धांतास तो प्रतिकूल होता.

याच सुमारास, १९७२ पासून, नारळीकर हेही टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच होते. म्हणजे एका सिद्धांताचे जगातील एक प्रमुख पुरस्कर्ते व त्याच्या विरुद्ध जाणारी निरीक्षणे करणारा गट, दोन्ही एकाच संस्थेत नांदत होते. नारळीकर यांनी आपली भूमिका सोडली नाही. हॉईल व जी. बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी ती सुधारून अर्धस्थिर स्थिती सिद्धांताच्या रूपात मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल मात्र १९६५ मध्येच, कल्याणचा दूरदर्शक उभा राहिला त्याच वर्षी, ए. ए. पेन्झिअस व आर. डब्ल्यू. विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण आढळल्यापासून महास्फोटाकडे झुकला होता. उटकमंडच्या पुराव्याने एकट्याने निवाडा केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तो स्वतंत्र पुरावा होता व तो भारतीय उपकरणातून आला होता, हे खरे. त्याची मर्यादाही सांगावयास हवी. रेडिओ उद्‌गमांची लांबी स्वतःच बदलत असल्याने ही काठी भरवशाची ठरली नाही. दीर्घिकांच्या वितरणात आढळणारे सु. ४९ कोटी प्रकाशवर्षांचे वैशिष्ट्यपूर्ण अंतर ही भरवशाची काठी २००५ मध्ये हाती आली.

खोडद येथील पुढील टप्पा : पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचा महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक उभा राहिला व २००१ मध्ये तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. पोलादी तारांच्या आधारावर हलकी जाळी ताणून एवढ्या मोठ्या तबकड्या कमी खर्चात कशा करता येतात हे त्याने दाखविले. तत्त्व कल्याणचेच, पण विस्तार सु. २५ किमी. त्याच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक म्हणजे उदासीन हायड्रोजनाच्या १,४२०.४ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रेषेचा, ती प्रसरणामुळे खाली घसरलेली असताना, शोध घेणे. या रेषेची कंप्रता प्रयोगशाळेत अत्यंत अचूक ज्ञात असल्याने ती कोठे सापडली एवढ्यावरून प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणले गेले हे कळते. खोडद येथील निरीक्षणांवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशी रेषा १.२९ ताम्रच्युतीच्या दीर्घिकेतून, गुरुत्वीय भिंगामुळे वर्धित होऊन, आलेली आढळली, ती सु. ६२० मेगॅहर्ट्‌झवर होती व ते प्रारण सु. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेले होते. कल्याणच्या तबकड्या सिडनीत मुळात याच रेषेच्या तरंगलांबीसाठी, २१ सेंमी.साठी, घडविलेल्या होत्या आणि कल्याणला त्या ६१० मेगॅहर्ट्‌झवर चालल्या, हा निव्वळ योगायोग. परंतु त्याच कंप्रतापट्ट्यात त्या वेळी सूर्याची कडा पाहिली जात होती व आज विश्वाचा सध्याच्या निम्म्याहून कमी वयातील वायू पाहिला जातो.

स्थिरांकाची आजची स्थिती : हबल स्थिरांकाचे मूल्य १९५८ मध्ये ए. आर. सँडिज यांनी ७५ पर्यंत खाली आणले. त्यानंतर दोन तट पडले : सँडिज व जी. टामान ५० च्या बाजूस, तर जी. द व्होकुलर १०० च्या बाजूस. हबल अवकाश दूरदर्शकाने सेफीड तारे पाहून २००१ मध्ये ७२ (८ पर्यंत कमीअधिक) हे मूल्य दिले तेव्हा हा वाद मिटला असे वाटले. तत्पूर्वी १९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांवरून प्रसरणाची त्वरा कमी होत नसून वाढत असल्याचे दिसून आले होते व या शोधास २०११ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण वाद मिटलेला नाही. सेफीड व अतिदीप्त नवतारे यांच्या शिडीवरून ए. रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये ७३ (१ पर्यंत कमीअधिक) हे मूल्य काढले. प्लांक उपग्रहाने केलेल्या पार्श्वप्रारणाच्या निरीक्षणांवरून ६७.४ (अर्ध्यापर्यंत कमीअधिक) हे मूल्य मिळते. तांबड्या राक्षसी ताऱ्यांवर आधारलेली डब्ल्यू. फ्रीडमन यांची मूल्ये ७० च्या आसपास, म्हणजे दोहोंच्या मध्ये, पडतात. ५० आणि १०० यांच्या मानाने हा फरक क्षुल्लक वाटेल; परंतु त्रुटीच्या मर्यादा आता इतक्या अरुंद आहेत की दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. एक तर शिडीच्या एखाद्या पायरीत बाडे यांनी शोधली तशी चूक दडली आहे, अथवा आरंभीच्या विश्वाविषयीच्या आपल्या गणितात काही तरी राहून गेले आहे.

शिडीवाचून अंतर काढण्याचा एक मार्ग १९८६ मध्ये बी. शुट्झ यांनी सुचविला. दोन घन तारे एकमेकांत मिसळताना निघणाऱ्या गुरुत्वीय तरंगांच्या रूपावरून त्यांची खरी तीव्रता गणिताने कळते व म्हणून अंतरही थेट मिळते. सु. १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील अशी घटना १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदली गेली व तीवरून सु. ७० हे मूल्य मिळाले, पण त्याची अनिश्चितता १० च्या घरात आहे. ती कमी करण्यास अशा अनेक घटना आणि आकाशातील त्यांची दिशा नेमकी सांगण्यासाठी परस्परांपासून दूर असलेले अधिक अभिज्ञातक हवेत. या तरंगांचा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्रात संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारापासून काम केले. लायगो-इंडिया या अभिज्ञातकाच्या उभारणीस केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली; त्यासाठी निवडलेली जागा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आहे.